अव्वाची शाळा

शुक्रवार पेठेतल्या सिद्धप्पा मास्तरांच्या घरी संध्याकाळी पोरं जमायची आणि चपला बाहेर एका रांगेत काढायची. रांग मोडली की मास्तर आतूनच म्हणायचे, "आज कुणाच्या चपलांनी शाळा बुडवली रे?" मग बाहेर खिदळणं, थोडी ढकलाढकली आणि रांग सरळ. ओरडणं मास्तरांना कधी जमलंच नाही. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, पण छडी हातात धरली ती नकाशावर नद्या दाखवायलाच.

निवृत्त झाल्यावर ते पोरांना कॉम्प्युटर शिकवायला लागले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. साठी उलटल्यावर, चष्मा नाकावर घसरत असताना, मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बघत ते स्वतःच शिकले. शिकले ते मुलीच्या लॅपटॉपवर. मुलगी राहिली नव्हती. शिवानी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं. त्यालाही आता पाच-सहा वर्षं लोटली. मागं राहिले नवराबायको दोघं आणि तो जाडजूड काळा लॅपटॉप. सुरू केला की त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारची म्हातारी विचारायची, "मास्तर, गिरणी टाकली काय?"

त्या लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं आणि त्याखाली नाव होतं, अव्वाची शाळा.

अव्वा म्हणजे आई. भुवनेश्वरीबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, शिक्षण कानडीतून आणि तेही पाचवीपर्यंत. हिशेबाला पक्क्या, पण मराठी पाढे काही जिभेवर बसले नाहीत. शिवानी लहानपणापासून चिडवायची, "मास्तराची बायको आणि सात आठे येईना! अप्पा, हिला पहिलीत बसवा की." पुढं कॉलेजात पायथन नावाची भाषा शिकली. माणसानं मशीनशी बोलायच्या ज्या भाषा असतात, त्यातली ही एक. ती शिकल्या शिकल्या पोरीनं पहिलं काम केलं ते हे. आईला पाढे विचारणारी शाळा बनवली. पडद्यावर मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून लई खटपट केली होती तिनं.

शाळा साधी होती. मशीन प्रश्न टाकायचं, आपण उत्तर टाकायचं. बरोबर आलं तर नुसतं 'शाब्बास'. चुकलं तर मात्र बोलणी. ही बोलणी शिवानीनं एकेक बसून लिहिली होती आणि त्यातलं कुठलं कधी येईल याचा काही नेम नसायचा.

'अव्वा, डोकं शेंगाचटणीत ठेवून आलीस काय?'

'हे उत्तर कुठून आणलंस? मंगळवार बाजारातून?'

'परत चूक! आणि मला म्हणतीस अभ्यास कर.'

शिवानी होती तेव्हा भुवनेश्वरीबाईंनी ती शाळा दोन-चारदाच उघडली. "मला मेलीला काय करायचंय पाढे," म्हणून भाकऱ्या थापायला निघून जायच्या. पोरगी गेल्यावर मात्र एका संध्याकाळी धूळ पुसायला म्हणून लॅपटॉप उघडला, चित्रावर बोट पडलं, प्रश्न आला. त्यांनी काहीतरी आकडा दाबला आणि पडद्यावर अक्षरं आली. बाई अंगणात धावत आल्या. हाताला तसंच फडकं. "अहो," त्या म्हणाल्या, "अहो, पोरगी बोलली हो."

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर त्या लॅपटॉपपुढं बसायच्या आणि चुकीची उत्तरं द्यायच्या. मुद्दाम. सात आठे पन्नास. नऊ सक साठ. उभ्या आयुष्यात एकाही पोराचं चुकलेलं उत्तर दुरुस्त केल्याशिवाय न सोडणारे मास्तर शेजारी बसून गप्प राहायचे. बाई मार खाल्ल्यासारखं तोंड करून हसायच्या. मग डोळे पुसायच्या. मग पुन्हा एक चुकीचं उत्तर.

बहुतेक बोलणी आता ओळखीची झाली होती. पण वर्षा-सहा महिन्यांतून एखादं वाक्य असं यायचं की जे दोघांनी कधी वाचलेलं नसायचं. गेल्या दिवाळीत असंच आलं होतं: 'लई झालं आता. दमलीस. जा, चहा घे.' त्या रात्री दोघंही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बाईंच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की शेजारणीनं विचारलं, "माहेराहून कोण आलं होतं काय?"

मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं, अमरेशचं, सात रस्त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "सर, त्यात काय एवढं? मूळ फाइल उघडली की सगळी वाक्यं एकाखाली एक दिसतील. पाच मिनिटांचं काम."

मास्तरांनी घरी येऊन सांगितलं. भुवनेश्वरीबाई कणीक मळत होत्या, त्या थांबल्या.

"सगळं एकदम वाचायचं?"

"हं."

"मग पुढं?"

"पुढं काय?"

"मग ती संपली की हो," बाई म्हणाल्या.

तेव्हा ठरलं. फाइल उघडायची नाही. ती मशीनच्या पोटात कुठं राहते हेसुद्धा मास्तरांनी मुद्दाम शोधलं नाही. सापडली असती तर हात राहिला नसता. अमरेश निदान एक प्रत काढून ठेवा म्हणाला, म्हणून त्यांनी पडद्यावरचं ते चित्र उचललं, पेनड्राइव्हमध्ये टाकलं आणि पेनड्राइव्ह देवघरात विभूतीच्या डबीशेजारी ठेवला.

*

यंदा नोव्हेंबरात नाजनीनच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. नाजनीन आठवीतली, शेजारच्या बोळातली, मास्तरांच्या पोरांत सगळ्यात चलाख. वडील टेम्पो चालवायचे, घरात कॉम्प्युटर नव्हता. तिला झाडाची पानं ओळखणारा कार्यक्रम करायचा होता. फोटो दाखवला की मशीन सांगणार, हा कडुनिंब, ही चिंच. त्यासाठी लागणारं सामान मात्र फक्त नव्या पायथनवर चालायचं, आणि शिवानीच्या लॅपटॉपवर होतं ते तिच्या कॉलेजच्या काळातलं जुनं.

पोरांना व्हर्जन हा प्रकार मास्तरांनी फार सोपा करून सांगितला होता. "पायथन समजणारा एक माणूस या मशीनमध्ये बसवलेला असतो," ते म्हणायचे. "तो जुन्या पिढीचा की नव्या, हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलायला जायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण काय करतो? आधी दार वाजवतो. घरात कोण आहे विचारतो. तसंच हे." मग काळ्या चौकोनात पायथन लिहायचं, दोन छोट्या आडव्या रेघा, पुढं व्हर्जन, आणि एंटर. मशीन आकडा सांगायचं. पोरांना हा खेळ एवढा आवडला होता की कामाला सुरुवात करताना सगळी एका सुरात ओरडायची, "घरात कोण हाय?"

त्या दिवशी भुवनेश्वरीबाई बहिणीकडं केमला गेल्या होत्या. मास्तरांना सात रस्त्याच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. जाताना त्यांनी नाजनीनला लॅपटॉप काढून दिला. "नवं पायथन उतरवून घे. मी येतोच जाऊन."

बँकेत पेन्शनवाल्यांची ही रांग. मास्तरांचा अंगठा यंत्रावर उठत नव्हता. "पुसून घ्या, आजोबा," म्हणून कर्मचाऱ्यानं फडकं पुढं केलं, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, नवं टाकलं मी. पण विचारलं की जुनाच आकडा सांगतंय. सत्तावीसवालं. दोन पॉइंट सात."

"पुन्हा विचार."

"तीनदा विचारलं की. नवा घरात येऊन बसलाय, पण दार जुनाच उघडतोय."

मास्तरांना हसू आलं. पोरगी त्यांचंच बोलणं त्यांना परत देत होती. "मग जुन्याला निरोप दे," ते म्हणाले. "कंट्रोल पॅनेलमधून काढायचा, शिकवलंय ना?"

"काढला सर. पण त्याचं एक फोल्डर मागं राहिलंय. ते पण उडवू?"

"नाव काय फोल्डरचं?"

"पायथन सत्तावीस."

"मग काढ की. अर्धवट झाडलेलं घर बरं नसतं," मास्तर म्हणाले आणि अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. ते हयात असल्याचं सरकारला कळलं.

घरी आले तेव्हा नाजनीन उंबऱ्यातच उभी. "सर, बघा!" तिनं काळा चौकोन उघडला, बाकीच्या पोरांनी "घरात कोण हाय?" म्हणून आरोळी ठोकली, आणि मशीननं तीनवाला आकडा सांगितला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. डब्यातले शेंगदाण्याचे लाडू काढून सगळ्यांना दिले, नाजनीनला दोन.

"कचरापेटी पण रिकामी केली सर. आणि ते अपडेटचं मागत होतं, ते पण घेतलं. लई वेळ लागला, पण घेतलं."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "काम असं करावं."

पोरं गेली. मास्तर लॅपटॉप मिटायला वाकले आणि त्यांचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडं गेलं. अव्वाची शाळा हे नाव होतं, पण वरचं चित्र पुसलं गेलं होतं. तिथं कोरा पांढरा कागद दिसत होता.

त्यांनी त्याच्यावर दोनदा टिचकी मारली. मशीननं थोडा शोध घेतला आणि सांगितलं, हे जिथं असायला हवं तिथं नाही.

शिवानी तेव्हा नवशिकी होती. जुनं पायथन उघडून काही लिहिलं आणि जपून ठेव म्हटलं की ते स्वतःच्याच घरात, त्या पायथन सत्तावीस नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायला सुचवायचं. मास्तर आपल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावायचे, आपलं काम आपल्या वेगळ्या फोल्डरात. शिवानीला तसं सांगणारं कुणी नव्हतं. आता त्यांना सगळं एकदम कळलं. पडद्यावरचं चित्र म्हणजे शाळा नव्हती. ती शाळेकडं जायची पाटी होती. शाळा त्या सत्तावीसमध्ये होती.

मग त्यांना देवघर आठवलं. सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा धावला. विभूतीची डबी कलंडली तरी त्यांना भान नव्हतं. पेनड्राइव्ह लावताना दोनदा उलटा गेला. आत एकच वस्तू होती. अव्वाची शाळा. "बसवण्णा, पावलास रे," असं ते मोठ्यानं म्हणाले.

टिचकी मारली. मशीननं तेच सांगितलं.

त्यांनी पाटी जपून ठेवली होती.

*

दुसऱ्या दिवशी अमरेशचं दुकान उघडायच्या आधीच मास्तर पायरीवर बसले होते. लॅपटॉप मांडीवर, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला.

अमरेशनं सगळं ऐकून घेतलं. सकाळभर गिऱ्हाइकं परत पाठवली. पुसलेलं परत काढायचे त्याच्याकडं दोन-तीन प्रकार होते, ते एकामागून एक लावले. मास्तर स्टुलावर बसून पडद्यावर सरकणारी हिरवी पट्टी बघत राहिले.

"सर," शेवटी अमरेश म्हणाला, "नाव सापडलं."

मास्तर उठून उभे राहिले.

"बसा सर. नुसतं नाव सापडलंय. आत भलतंच आहे." त्यानं फाइल उघडून दाखवली. खिळे सांडावेत तशी चिन्हं आणि चौकोन. "उडवल्यावर मशीन तिथल्या तिथं बंद करायला पाहिजे होती. त्या जागेवर नवं सामान आलं, वर अपडेट बसलं. पाटीवरचं पुसून त्यावर दुसरं लिहिलं की पहिलं कसं वाचणार?"

"थोडंफार? एखादी ओळ?"

अमरेशनं मान खाली घातली. "कुणी उडवलं सर?"

"मी," मास्तर म्हणाले.

अमरेशनं लॅपटॉप स्वतः पुसला, पिशवीत घालून दिला आणि रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षात बसताना मास्तर म्हणाले, "तुझी काही चूक नाही रे." स्वतःची चूक झाली असं अमरेश म्हणालाच नव्हता.

*

भुवनेश्वरीबाई त्याच दुपारी केमच्या गाडीनं आल्या. मास्तर स्टेशनवर गेले होते. बाईंच्या एका पिशवीत बहिणीच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा, दुसरीत लिंबं. रिक्षाभर बोलत होत्या. बहिणीचे गुडघे, तिची सून, सुनेचा मोबाइल.

"ती सून एवढी गुणाची हाय, पण कधी सासूला चिडवत न्हाय की काय न्हाय," बाई म्हणाल्या. "घर कसं मुकं वाटतं. मला तर करमंना. म्हटलं, घरी जावं आणि पोरीची चार बोलणी खावीत."

मास्तर रस्त्याकडं बघत होते.

"बरं न्हाय का तुमाला?"

"बरं आहे की."

"मग तोंड का असं? अंगठा उठला न्हाय का बँकेत?"

"उठला."

घरी आल्यावर बाईंनी हातपाय धुतले, देवाला हात जोडले. विभूतीची डबी वाकडी बसलेली बघून सरळ केली. चहा टाकला. दोघांनी चहा घेतला. मग पदराला हात पुसत त्या लॅपटॉपच्या खुर्चीकडं निघाल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "भुवना, थांब जरा. इथं बस."

लग्नानंतर त्यांनी तिला भुवना म्हणून हाक मारली होती ती हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा. त्यातली शेवटची हाक दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. बाई उभ्याच राहिल्या.

"काय झालं?"

मास्तरांनी सांगितलं. कुठलीही अवघड गोष्ट पोरांना सांगावी तशी, पहिल्यापासून, एकेक पायरी करून सांगितली. जुनं कुठलं, नवं कुठलं, फोल्डर म्हणजे काय, पेनड्राइव्हमध्ये काय गेलं होतं, अमरेशनं काय केलं. मध्ये कुठं अडखळले नाहीत. बाई ऐकत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता ती बोलणार न्हाय."

"नाही."

"बंद पडलं, का गेलं?"

"गेलं."

बाई जमिनीवर बसल्या. पिशवीतल्या शेंगा त्यांनी पुढं ओढल्या आणि सोलायला लागल्या. चार-पाच शेंगा सोलल्या. मग हात थांबला.

"कुणी पुसलं?"

"मी म्हणालो, काढ."

"कुणाला म्हणालात?"

"नाजनीनला." बाईंनीच उत्तर दिलं. "तिलाच असणार. दुसऱ्या कुणाला येतंय एवढं." त्यांचा आवाज चढला. "घर पोरांचं करून ठेवलंय तुमी! माझ्या पोरीचं म्हणून एक होतं, एवढंसं होतं, त्याच्यावर पण दुसऱ्याची पोरं आणून नाचवलीत. काय नडलं होतं? पानं ओळखायला मशीन लागतंय व्हय? मला विचारायचं, मी सांगितलं असतं हा लिंब, ही चिंच म्हणून!"

"तिनं मला विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "पोरीनं उडवायच्या आधी फोन केला. मीच विचार केला नाही."

"रांगेत होतात तुमी."

"रांगेत होतो."

बाहेरून एक टमटम गेली. बाईंनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. बोटांत धरून बसल्या. मग त्या हळू आवाजात बोलल्या. चोरी करणाऱ्या लेकराला जवळ घेऊन विचारावं तसा आवाज होता.

"अहो, खरं सांगा. तुमी एकदा तरी उघडून बघितलं असंल की. मी भाकरी करताना. मी देवळात गेल्यावर. मी काय म्हणणार न्हाय. चोरून एकदा तरी वाचलं असंल?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. हो म्हणावंसं वाटलं त्यांना. काहीतरी रचून सांगावं, एखादं वाक्य, पोरगी जसं बोलायची तसं. पण पोरगी जसं बोलायची तसं तिच्याशिवाय कुणाला येत होतं?

"नाही," ते म्हणाले. "ठरलं होतं ना आपलं."

"एकदा पण न्हाय?"

"एकदाही नाही."

"कसले हो तुमी," बाई म्हणाल्या. "जन्मात एकदा खोटं वागायला आलं न्हाय तुमाला." आणि मग त्या रडल्या. तोंडात पदर कोंबून, आवाज बोळात जाऊ नये म्हणून. मास्तर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. दाणे खाली पडत होते, टरफलं ताटात जात होती. कुणी दुरुस्त केलं नाही.

मग दोघं आठवायला लागले. बाई म्हणायच्या, "शेंगाचटणीचं होतं." मास्तर म्हणायचे, "मंगळवार बाजाराचं." असं करता करता एका ठिकाणी अडलं. "'अव्वा, तुझ्यापेक्षा आपली म्हैस बरी,' हे तिनं लिहिलं होतं, का तशीच म्हणायची?" बाईंनी विचारलं. मास्तरांना आठवेना. त्यांच्याकडं म्हैस कधी नव्हतीच. मग ते वाक्य कुठून आलं? आत्ताच, एका दिवसात, पोरगी पुसट व्हायला लागली होती.

*

दिवेलागणीला बाहेर चपलांचा आवाज झाला.

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी, सर." नाजनीन होती. हातात पानांची पिशवी, दुपट्टा कमरेला खोचलेला. "कडुनिंब आणि बकाणनिंब, दोन्ही आणलेत. मशीन फसतंय का बघू." मग तिला बाई दिसल्या. "काकू! कधी आलात? तुमचे डोळे का असे लाल?"

"गाडीतली धूळ," बाई म्हणाल्या. उठल्या आणि आत गेल्या.

नाजनीननं लॅपटॉप उघडला. काळा चौकोन काढून मनातल्या मनात दार वाजवलं, आकडा बघितला आणि समाधानानं मान हलवली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

"सर, काकूंच्या खेळाचं चित्र पांढरं का झालंय?"

मास्तरांनी चष्मा काढला. तो पुसला. ही पोर काय विचारणार हे त्यांना आदल्या रात्रीपासून ठाऊक होतं, आणि काय सांगायचं ते अजून सुचलं नव्हतं. "ते जुन्या पायथनवर चालायचं," ते म्हणाले. "नव्यावर चालत नाही."

यात खोटं काही नव्हतं.

"आत्तेरी!" नाजनीननं कपाळावर हात मारला. "मग आधी सांगायचं की सर! माझ्या पानांपायी काकूंचा खेळ बंद पडला." पण लगेच तिचा चेहरा उजळला. "त्यात काय एवढं? तुम्हीच शिकवलंय, जुन्यातलं नव्यात कसं आणायचं. चार ओळी बदलल्या की चालतंय. मी करून देते, आत्ता बसून. फाइल कुठं आहे?"

मास्तर चष्म्याची काच पुन्हा पुसायला लागले.

"सर? फाइल द्या की."

स्वयंपाकघरातून काही आवाज नव्हता. भांड्याचाही नाही. पोरीचं बोट माउसवर होतं आणि ती मास्तरांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी गोळा व्हायला लागलं. हुशार पोरं कधी कधी शिक्षकाच्या गप्प बसण्यावरूनच उत्तर काढतात. "सर," ती म्हणाली, आवाज एकदम लहान झाला होता, "ती फाइल कुठं होती? त्या... मी काल..."

"अगं, कशाला पाहिजे ती फाइल?"

भुवनेश्वरीबाई दारात आल्या होत्या. तोंड धुऊन आल्या होत्या. कपाळावर ताज्या विभूतीची पट्टी होती. "राहू दे ते. मला नको आता ती शाळा."

"का काकू?"

"का म्हंजे? पाढे पाठ झाले की माझे. किती दिवस त्याच इयत्तेत बसायचं? म्हातारी झाले, पास करशील का न्हाय मला?"

नाजनीननं त्यांच्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं, मग परत त्यांच्याकडं. तिला हसावं की नको ते कळत नव्हतं. "खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही रोज चुकायच्या. आम्ही खिडकीतून बघायचो. सोप्यात सोपं पण चुकायच्या."

"आता न्हाय चुकत."

"मग म्हणून दाखवा. तेरा."

"तेरा? सरळ तेरावरच गेलीस?" बाई खुर्चीजवळ आल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. शाळेतल्या पोरानं मास्तरापुढं उभं राहावं तशा, पाय जुळवून.

"तेरा एके तेरा," त्या म्हणाल्या. "तेरा दुणे सव्वीस."

मास्तरांनी मान वर केली. एवढी वर्षं ते तिच्याशेजारी बसले होते. तिला हे येतं याची त्यांना कल्पना नव्हती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. रोज न चुकता चुकीचं उत्तर द्यायचं तर आधी बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं.

"तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न."

नाजनीनच्या खांद्यांतला ताण हळूहळू गेला. ती बोटांवर मोजत होती, पडताळा घेत होती. एका-एका आकड्याला मान हलवत होती, आणि शेवटी तिच्या तोंडावर हसू आलं. पोरीनं विश्वास ठेवला. बाई तिच्याकडंच बघत म्हणत होत्या, एकही आकडा न चुकता, कुठंही न अडखळता. आवाज एकदाच कापला, पासष्टला, पण त्यांनी तो सावरला आणि पुढं गेल्या.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते एक्क्याण्णव."

"शाब्बास, काकू!" नाजनीन ओरडली आणि टाळ्या पिटल्या.

बाई थांबल्या. त्यांनी पडद्याकडं एकदा बघितलं, मग नाजनीनच्या डोक्यावर हात ठेवला.

"चल, दाखव तुझी पानं," त्या म्हणाल्या.